दिपमालाचा पहारा

धरणगावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हापासूनची मला एक सवय आहे. कुणी ओट्यावर टेकलं की त्याला एक गोष्ट सांगायची. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा सापडेपर्यंत एक होई, ठिगळ वाळेपर्यंत दुसरी. आता सायकली गेल्या. दुकानाच्या जागी बियाण्यांचं दुकान आलं. पण ओटा माझाच राहिला आणि गोष्टीही राहिल्या. नातवंडं म्हणतात, बाबा, ही सांगून झाली. मी म्हणतो, तुमची ऐकून झाली असेल, माझी सांगून झालेली नाही.

ही मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ज्या दोघांसाठी दिपमालानं तोंड मिटून घेतलं होतं, ती दोघंही आता नाहीत. म्हणून मी तिला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, त्यांची नावं बदला. ती बदलली. त्यांच्या गावाचं नाव घेणारच नाही. तिचं नाव बदलू का विचारलं, तर म्हणाली, माझं राहू द्या. ते का, ते पुढं कळेलच.

दिपमालाचं माहेर धुळ्याचं, सासर आमच्या गल्लीतलं. नवरा जामनेरला जिनिंगमध्ये, शनिवारी यायचा. ती बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत नोकरीला होती. तिथं तेजसभाऊंचं इंटरनेटचं ऑफिस. भाऊंनी इथून पार भडगावच्या पट्ट्यापर्यंत, गिरणेकाठच्या खेड्यांत, उंच घर बघून गच्चीवर डबे बसवले होते. लोक त्याला टॉवर म्हणत, पण होता तो लोखंडी पाइपावर बसवलेला डबाच. एका डब्याकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं असं नेट जायचं. दिपमालाच्या पडद्यावर त्या डब्यांना नंबर नव्हते. ज्याच्या गच्चीवर डबा, त्याचं नाव डब्याला. भिकन नाना, मगन वाणी, सुपडू आबा. मी एकदा जिना चढून बघायला गेलो तेव्हा म्हणालो, अगं, ही तर लग्नातल्या आहेराची यादी दिसते. ती हसली. हसली की तिच्या नाकातली चमकी उजेडात यायची.

त्या डब्यांवर लक्ष ठेवायला तिनं एक प्रोग्राम बनवला होता. स्वतः बनवलेला, विकतचा नव्हे. त्याला ती पहारेकरी म्हणायची. तो कधी झोपत नसे, जेवत नसे. सारखा एकेका डब्याला हाक मारायचा, आहेस का? डबा म्हणायचा, आहे. एखाद्यानं ओ दिली नाही तर पहारेकरी लगेच बोंब मारत नसे. पुन्हा हाक, पुन्हा हाक. तरीही ओ नाही, तेव्हा कुठं ठरवायचा की हा बंद पडला. मग पडद्यावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा आणि माणसांना निरोप जायचा.

मी विचारलं, पुढच्या गावाचे डबेही गप्प होत असतील की मग, त्यांचीही बोंब? ती म्हणाली, नाही बाबा. पूल वाहून गेला म्हणून पलीकडचं गाव मेलं असं आपण म्हणतो का? दिसत नाही एवढंच म्हणतो. मधला डबा पडला तर मागच्यांना माझा पहारेकरी बंद म्हणत नाही, दिसत नाहीत असं म्हणतो. आणि निरोप फक्त हालत बदलली तरच. चालूचा बंद झाला, एक निरोप. बंदचा चालू झाला, एक निरोप. अध्येमध्ये कटकट नाही.

मला फार आवडलं ते. माझी बायको असती तर तिला सांगितलं असतं, बघ, एकदाच सांगायचं असतं.

निरोपाची वाटही दिपमालानं नीट लावली होती. पहिला निरोप ज्याची गच्ची त्याला, कारण जिन्याची किल्ली त्याच्याकडं. पुष्कळदा नुसतं बटण पडलेलं असायचं, तेवढं वर केलं की झालं. त्या माणसानं उत्तर धाडलं की पहारेकरी समजायचा, कुणीतरी हातात घेतलं. लाल दिवा पिवळा व्हायचा आणि पुढचे निरोप थांबायचे. उत्तर आलंच नाही तर निरोप चंदनला, म्हणजे मोटारसायकलवर शिडी बांधून फिरणाऱ्या लाईनमनला. त्याचंही उत्तर नाही तर तेजसभाऊंना. सुरुवातीला तिनं ठरलेला एकच इंग्रजी शब्द उत्तर म्हणून ठेवला होता. खेड्यातल्या माणसांना तो टाइप करता येईना. कुणी हो लिहायचं, कुणी ठीक, कुणी बघतो. पहारेकरी ते ऐकायचा नाही आणि चंदनला उगाच पळवायचा. चंदन करवादला. मग तिनं नियम सैल केला. काहीही उत्तर येवो, माणूस जागा झाला असं धरायचं.

तेजसभाऊंना तो पहारेकरी इतका आवडला की त्यांनी गावोगाव फलक लावले. लाईन गेली तर फोन करू नका, तुमच्या आधी आम्हाला कळतं. दिपमाला म्हणाली होती, असं नका लिहू भाऊ. भाऊ म्हणाले, का, खोटं आहे का? तिला खोटं आहे असंही म्हणता येईना.

आता सुपडू आबा. गिरणेच्या अलीकडं, टेकाडावरचं घर त्यांचं. खाली खोलगटात गाव. केळी आणि कापूस, दोन बैल आता नावाला. चौथी शिकलेले. बाई कुंदाबाई, सगळं गाव अक्का म्हणायचं. त्यांच्या गच्चीवर डबा, आणि त्या डब्यावरून गावातल्या लहानशा दवाखान्याला नेट. दवाखान्यात एक सिस्टर, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायचं एक मशीन. पट्टी काढली की तिचं चित्र नेटवरून जळगावच्या मोठ्या डॉक्टरांकडं जायचं आणि ते फोनवर सांगायचे, गोळी द्या, नाहीतर गाडीत घाला. खोलगटात मोबाईलला एखादीच दांडी, बोलणं कसंबसं व्हायचं, चित्र जायचं नाही.

तेजसभाऊंच्या सगळ्या गावांत आबांचं गाव गुणाचं. तिथली लाईन कधी जातच नाही, चंदनला तिथं कधी जावंच लागत नाही. भाऊ इतर गच्चीवाल्यांना आबांचं उदाहरण द्यायचे.

गेल्या आखाजीची गोष्ट. आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते, हे बाहेरच्या कुणाला सांगावं लागेल म्हणून सांगतो. झोके बांधलेले असतात, पोरी गाणी म्हणतात, आमरस असतो. दिपमाला धुळ्याला गेली. तिला जाताना मी म्हटलं, बेटा, तुझ्या पहारेकऱ्याला सुट्टी नाही का? ती म्हणाली, तो आहे म्हणून तर मला आहे.

त्या दिवशी कुंदाअक्का अंगणात चुलीसमोर बसून खापरावर मांडे करत होत्या. मांडे करणं म्हणजे गंमत नाही. हातभर पसरलेली पोळी दोन्ही हातांवर नाचवत उपड्या खापरावर टाकायची. ऊन रणरणत होतं. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, डावा हात जड झाला. मांडा हातातून राखेत पडला, तेव्हा आबा धावले. बैलगाडीतून खाली दवाखान्यात नेलं. सिस्टरनं पट्टी काढली. डॉक्टरांचा वार नव्हता. पट्टी जळगावला पाठवायला गेली तर लाईन बंद. गच्चीवर खारीनं तार कुरतडली होती, हे नंतर कळलं.

सिस्टरनं जळगावला फोन लावला. तुटक तुटक आवाजात मोठे डॉक्टर म्हणाले, पट्टी पाठवा, बघून सांगतो. दवाखान्याच्या भिंतीवर तेजसभाऊंचा फलक. फोन करू नका, आधी आम्हाला कळतं. सगळे म्हणाले, त्यांना कळलं असेल, येतच असतील. अक्कांना मधेच बरं वाटायचं. सणाचं तेलकट खाल्लंय, पित्त असेल असं कुणी म्हणालं. बसले वाट बघत. आणि चंदन त्या वेळी शेजारच्याच गावात आपल्या आतेबहिणीकडं आमरस-पुरणपोळी जेवत होता. मोटारसायकलवर शिडी बांधलेली. त्याला फोन आला असता तर आंबा हाताला तसाच असताना तो आला असता.

ऊन उतरलं तरी लाईन येईना, तेव्हा कुणीतरी जीप आणली आणि अक्कांना जळगावला नेलं. त्या वाचल्या. पण डॉक्टरांनी सांगितलं की उशीर फार झाला, हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच. अंगण झाडणारी बाई आता खाटेवरून उठून मोरीपर्यंत गेली तरी धापा टाकायची.

आखाजी संपवून दिपमाला आली ती थेट या आगीत. त्या दुपारी तेजसभाऊंनी ऑफिसात डोकावून पडदा पाहिला होता. सुपडू आबा, पिवळा. त्यांना वाटलं, कुणीतरी हातात घेतलंय, आणि ते घरी जेवायला गेले. आता ते विचारत होते, पिवळा कुणी केला? चंदन म्हणाला, मला निरोपच आला नाही. आबांना विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ज्याची बायको मरणाच्या दारात होती, तो का बसेल फोन घेऊन? उरली एक दिपमाला. तिच्या फोनवरूनही पिवळा करता यायचा. तिनं शपथ घेऊन सांगितलं की मी हात लावला नाही. पण कुणी लावला हे पहारेकऱ्याला सांगता येईना, कारण कुणाचं उत्तर आलं ते टिपून ठेवायला तिनं त्याला शिकवलंच नव्हतं. उत्तर आलं, बस, एवढंच.

भाऊ मनानं वाईट नाहीत. पण भ्यालेला माणूस वाईट माणसासारखाच बोलतो. म्हणाले, तू झोक्यावर बसली होतीस, फोन वाजला, डोळ्यांसमोरून जावा म्हणून दाबून टाकलास. ते वाक्य जिन्यावरून खाली उतरलं आणि गावात गेलं. आठ दिवसांत तिचं नाव पडलं, झोक्यावरची पहारेकरीण. भाजीवाली बाई दुसरीला सांगायची, हीच ती. तिच्या सासूबाई देवळात जायच्या बंद झाल्या. नवरा जामनेरहून येऊन म्हणाला, खरं काय ते मला तरी सांग. हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

दिपमाला चंदनला म्हणाली, मला आबांकडं घेऊन चल. चंदनला गच्चीवरची जुनी बॅटरी तशीही बदलायची होती. दोघं गेली. आबा ओसरीवर बसले होते. खाटेवर अक्का. आबांनी तिला पाणी दिलं, बस म्हणाले, कारण दारी आलेल्याला ते पाणी देणारच. पण पाणी पिऊन झाल्यावर आपल्या अहिराणीत म्हणाले,

"तुमले बठ्ठं आगोदर कळस ना? मंग मन्ही बाई तठे पडेल व्हती तव्हय तुम्ही कोठे व्हतात?"

ती खाली मान घालून बसली. वर गच्चीवर चंदननं बॅटरी काढली, म्हणजे डबा बंद झाला. दिपमालाला माहीत होतं आता काय होणार. पहारेकरी हाका मारेल, मग आबांच्या खिशातला फोन वाजेल. आबा काही बघणार नाहीत, तर थोड्या वेळानं वर चंदनचा फोन वाजेल. तिला तो चंदनचा फोन वाजलेला ऐकायचा होता. तिचा पहारेकरी खोटा नाही, एवढं तिला स्वतःला तरी पटवायचं होतं.

आबांच्या बंडीच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, चष्मा न लावताच हात लांब करून धरला. इंग्रजी अक्षरं होती ती, त्यांना वाचता येत नव्हतीच. अंगठ्यानं दोन बटणं दाबली आणि फोन परत खिशात. बोलण्याचा धागा तुटलाच नव्हता, ते तसंच पुढं बोलत राहिले.

दिपमालानं विचारलं, काय केलंत आबा आत्ता?

आबा म्हणाले, काही नाही, कंपनीकडून येतो नेहमी. राम राम धाडला.

फोनमध्ये राम राम लिहून ठेवलेला होता, नुसता पाठवायचा. लाईट गेली की कंपनीचा निरोप यायचा, आबा राम राम धाडायचे. लाईट आली की पुन्हा निरोप, पुन्हा राम राम. गच्चीवर आपला डबा बसवला म्हणून एवढी मोठी कंपनी आपली रोज विचारपूस करते, याचं त्यांना कौतुक होतं. ते गावात सांगायचेही. दिपमालानं पुन्हा विचारलं, आबा, प्रत्येक वेळी धाडता? तर ते जरा रागावले.

"निरोप ऊना तर जबाब देवाले नको का? आपन माणसं शेतस."

वर चंदनचा फोन वाजला नाही. ती ऐकत बसली. तो वाजणारच नव्हता. चंदन तारा जोडत कुठलंसं गाणं गुणगुणत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

तिनं मला पुढं सांगितलं, बाबा, मला आधी हलकं वाटलं. मी नव्हते, मी नव्हते, असं मनात वाजलं. आणि मग मी आबांकडं पाहिलं. दवाखान्यात अक्कांच्या उशाशी बसून, एका हातानं उपरण्यानं वारा घालत, दुसऱ्या हातानं त्यांनी तो राम राम धाडला असणार. त्यांच्या बायकोसाठी मदत मागायला निघालेला निरोप त्यांनीच दारातून परत पाठवला होता, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर माझं नाव धुतलं गेलं असतं. तिथंच, त्या ओसरीवर.

अक्का खाटेवरून तिच्याकडं बघत होत्या. शाळेत न गेलेली बाई, पण माणसाचा चेहरा वाचण्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. म्हणाल्या, मला जरा मागच्या दारी ने. आबा उठायला लागले तर त्यांना बसवलं. दिपमालाच्या खांद्यावर हात टाकून त्या हळूहळू मागच्या पडवीत गेल्या, तिथं भिंतीला टेकून दम खाल्ला. मग विचारलं,

"पोरी, त्यास्ना राम राममुयेच व्हयनं ना हाई?"

राम राममुळेच झालं ना हे, असं त्या विचारत होत्या. दिपमालाच्या चेहऱ्यावर त्यांनी उत्तर वाचलं. अक्कांनी तिचा हात धरला. खापरानं भाजलेल्या जुन्या डागांचा अक्कांचा हात गार पडला होता.

"त्यास्ले सांगू नको. मी वाचनू. हाई ऐकीसन ते नही वाचतीन."

येताना मोटारसायकलवर चंदन बडबडत होता. घरी न जाता ती जिना चढून तेजसभाऊंसमोर उभी राहिली. म्हणाली, चूक माझ्या प्रोग्रामची होती. काहीही उत्तर आलं की कुणीतरी निघालं असं तो धरून बसतो. तो नियम मी केला होता. कुणाचं उत्तर, विचारू नका.

भाऊंनी विचारलंच. म्हणजे तूच ना? ती म्हणाली, नियम माझा होता. भाऊंनी तिला काढलं नाही, कारण पहारेकरी दुसऱ्या कुणाला सांभाळता येईना. पण त्यांनी दवाखान्यात जाऊन सांगितलं की आमच्या बाईकडून चूक झाली, तिनं कबूल केली. म्हणजे झोक्यावरचं नाव आता पक्कं झालं. शिक्का बसला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसे की पोर वाळत चालली. एका संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर चहा घेऊन बसली होती. तिचं मन जरा रमावं म्हणून मी तिला माझ्या गावच्या वना कोतवालाची गोष्ट सांगायला घेतली. वना म्हणजे काळाकभिन्न, पायात वहाणा नसत, पण चाल घोड्याची. गावात कुणी गेलं की परगावच्या नातेवाइकांकडं सांगावा घेऊन वना जायचा. आता गंमत अशी की सांगावा आणणाऱ्याला सगळे बसा म्हणतात, पाणी घ्या म्हणतात, बरं बरं म्हणतात. वना उभाच. पाणी घेत नसे. म्हाताऱ्या रडायच्या, माणसं मान हलवायची, हा आपला दारात काठी टेकून उभा. घरातलं कुणीतरी चप्पल पायात घालून, निघालो, असं म्हणेल तेव्हाच तो तांब्याला हात लावायचा. एकदा एरंडोलकडच्या एका पाटलानं त्याला तासभर बसा बसा केलं. शेवटी वना म्हणाला, पाटील, मी बसायला आलो नाही, तुम्हाला उठवायला आलोय.

मी स्वतःच हसत होतो. वर पाहिलं तर दिपमाला नव्हती. चहाचा कप ओट्यावर तसाच, साय धरलेली, आणि जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज. मला वाटलं, गेली कंटाळून. माझ्या गोष्टीतून माणसं उठून जाणं मला नवीन नाही. पण चहा टाकून कुणी गेलं नव्हतं.

तिनं पहारेकऱ्याला नवीन शिकवलं. निरोप आता मराठीत जाऊ लागला. टॉवर बंद पडला आहे. बघायला निघाला असाल तरच १ दाबा. नुसतं उत्तर धाडू नका, त्यानं पुढचा निरोप थांबत नाही. आणि खरंच आता राम राम आला काय नि ओके आलं काय, पहारेकरी वनासारखा दारात उभाच राहायचा. कुणी १ दाबला नाही की चंदन. चंदननं नाही दाबला की भाऊ. कुणी दाबला त्याचं नावही टिपायचा. भाऊंना सांगून तिनं ते फलकही उतरवले. तिथं नवीन लावले, लाईन गेली तर फोन करा. भाऊ कुरकुरले, पण उतरवले.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. आबा चौथी शिकले होते. मराठी त्यांना वाचता येत होतं.

पाऊसपाणी होऊन कापसाला बोंडं धरली होती तेव्हा. बाजाराचा वार. मी ओट्यावर होतो. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, काठी, असे एक गृहस्थ एसटीतून उतरून आले आणि मला नेटवाल्या पोरीचं विचारलं. मी हाक मारली. दिपमाला खाली आली आणि त्यांना पाहून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली. मी म्हटलं, बसा आबा, पाणी घ्या. ते म्हणाले, आधी कामाचं बोलतो. उभेच राहिले.

खिशातून फोन काढला. चष्मा लावला, या वेळी नीट, दोन्ही कानांमागं. तो निरोप काढून तिच्यासमोर धरला. एका ओळीवर त्यांचं बोट होतं. टॉवर बंद पडला आहे.

"आगोदरबी हाईच लिखेल राहे का, बेटी?"

मला वाटलं, काय साधा प्रश्न. पण पोरीच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. बियाण्याच्या दुकानात पोती उतरवणारे हमाल होते, बाजाराला आलेल्या बाया होत्या, त्यातल्या दोघी तिच्याकडं बघून कुजबुजतही होत्या. ती हो म्हणाली असती तर तिथल्या तिथं गावाला कळलं असतं की तो निरोप कुणी अडवला होता आणि कुणी नव्हता.

ती म्हणाली, "नाही आबा. आधी वेगळं होतं. आधीची चूक माझी."

आबा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"मंग माले एक दाबाले शिकाड."

तिनं शिकवलं. ओट्यावर बसून, त्यांचा अंगठा धरून. शेतकऱ्याचा जाड अंगठा, एका वेळी दोन बटणं दाबायचा. दोनदा चुकला, मग जमला. तेव्हा त्यांनी माझ्याकडून पाणी घेतलं. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजारातून एसटीच्या दिशेनं गेले. बाजारातून त्यांनी काही घेतलं नाही, भाजीसुद्धा नाही.

ते गेल्यावर दिपमाला माझ्या ओट्यावर बसून रडली आणि सगळं सांगितलं. तिचा एकच प्रश्न होता, बाबा, त्यांना कळलं का? आयुष्यभर मी गोष्टी सांगितल्या, प्रत्येकीचा शेवट मला ठाऊक असतो. हिचा नव्हता. मी म्हटलं, ठाऊक नाही बेटा.

त्यानंतर त्या गावचा डबा बंद पडला की आबा किल्ली घेऊन जिना चढायचे, बघायचे, मग १ दाबायचे. पुष्कळदा बटण पडलेलं असायचं, ते तेच वर करायचे. तार गेली असेल तर १ दाबून वर चंदनला फोनही करायचे. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. चंदन म्हणायचा, आबा, तुम्ही नका चढत जाऊ, मी येतो. ते ऐकत नसत. पहारेकऱ्याला राम राम पुन्हा कधी आला नाही. तो आता दिपमालाच्या फोनवर यायचा, सणासुदीला, तिच्या नावानं. ती उत्तर धाडायची.

अक्का दिवाळीच्या आधी गेल्या. आबा माघात, झोपेत. दिपमाला दोन्ही वेळा जाऊन आली. गावात तिला अजूनही झोक्यावरची म्हणतात, अगदी तोंडावर नाही, पण म्हणतात. म्हणून ती म्हणाली, माझं नाव खरं राहू द्या. वाचणाऱ्यांनी वाचावं.

आबांच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी मी वरच्या खोलीत बसलो होतो. ती काम करत होती, मी तिला माझ्या सासऱ्यांच्या बैलाची गोष्ट सांगत होतो. पडद्यावर एक दिवा लाल झाला. सुपडू आबा. नाव तिनं बदललं नव्हतं, निरोपाच्या वाटेवरचा पहिला नंबरही नाही. पहारेकऱ्यानं निरोप धाडला. त्या बंद घरात, कोनाड्यात कुठंतरी ठेवलेला फोन असेल, नसेल. आम्ही दोघं बघत राहिलो. मी गोष्ट थांबवली होती. दिवा लालच राहिला, पिवळा होईना. आणि मग खाली रस्त्यावर, शिडी बांधलेल्या मोटारसायकलजवळ, चंदनचा फोन वाजला. आखाजीला वाजायला हवा होता तसा.

दिपमालानं खिडकी उघडून खाली पाहिलं. चंदन किक मारत होता.